सतापाचे सात घोट

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला सकाळी अकरा वाजता लुके ठाण्यात फोन आला. तारुमा पॅलेस हॉटेलात तेरा पाहुणे ओकताहेत, एक मेला आहे, आणि मारणारी म्हातारी हॉटेलवाल्यांनी स्वतःच धरून ठेवली आहे.

इन्स्पेक्टर लिदुविना ओकाम्पोसने फोन ठेवला. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं तयार ताट तिला कुणी वाढलं नव्हतं. मुडदा, गुन्हा आणि गुन्हेगार, तिन्ही एकदम. तिला तिथेच पहिला संशय आला.

"चला ब्रीतेस," ती म्हणाली. हवालदार ब्रीतेस पेन्शनीला टेकलेला माणूस. त्याने टोपी चढवली आणि उत्तरेच्या वाऱ्याला एक शिवी हासडली. ऑगस्ट म्हणजे इकडे ऐन थंडी, पण हा वारा सुटला की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं होतं.

हॉटेल विमानतळाला खेटून. उद्घाटनाला दोनच दिवस झालेले. दारासमोर हिरव्यागार लॉनवर कारंजी फिरत होती, कडेला जांभळ्या रंगाचे नळ आणि प्रत्येकावर "पिऊ नये" अशी पाटी. आत शिरताच भिंतभर अक्षरं: 'आम्ही पाण्याचा थेंब न् थेंब पुन्हा वापरतो.' खाली हिरवं पान काढलेलं.

आणि अत्तर! कुठल्याशा यंत्रातून ते सतत फवारलं जात होतं. त्या भपक्याखाली ओल्या गोंदाचा वास, आणि गोंदाखाली ओकारीचा. लिदुविनाने नाकाला रुमाल लावला. घाण असली की ती धुवावी. तिच्यावर अत्तर शिंपडणाऱ्या माणसांचा तिला लहानपणापासून तिटकारा होता.

मॅनेजर सानाब्रिया कॉफीच्या रंगाच्या सुटात होता. त्याने दोघांना केबिनमध्ये बसवलं. टेबलावर त्याचा थर्मास आणि शिंगाचा प्याला. आपल्याकडे मयताच्या घरीसुद्धा आधी तेरेरे, म्हणजे मातेच्या पत्तीवर ओतलेलं बर्फाचं पाणी, पुढे येतो. त्याने थंड पाणी ओतून प्याला तिच्या हातात दिला. तिने नळीने तो एका दमात संपवला. पाण्यात पुदिना होता, आणि दाताला कळ लागेल इतका बर्फ. टेबलाखालच्या टोपलीत एक ओली प्लॅस्टिकची पिशवी पडली होती, वर पांढऱ्या अस्वलाचं चित्र. पेट्रोलपंपावर बर्फाची मिळते तीच.

"सांगा."

"काय सांगायचं, बाई! माझीच हौस नडली. आज पहिली तारीख. म्हटलं, पाहुण्यांना आपली रीत दाखवू. बाजारातल्या सिक्स्ता आजीला बोलावलं. उसाची दारू, लिंबू आणि सतापाचा पाला. सकाळी सातला लॉबीत प्रत्येकाला सात घोट."

रीत सगळ्यांना ठाऊक. ऑगस्ट हडकुळी गुरं आणि म्हातारी माणसं नेतो म्हणतात. त्याला चकवायचं तर पहिल्या तारखेला उपाशीपोटी हे सात घोट घ्यायचे.

"आणि मग?"

"नऊपर्यंत सगळे आडवे. हार्प वाजवणारे पोलिकार्पो आयाला गेलेच. बाई, हिशोब सरळ आहे. विमानाचे स्पॅनिश कर्मचारी आणि ते कोरियन पाहुणे, त्यांनी सतापाच्या वासाने नाकं मुरडली. प्यायले नाहीत. ते ठणठणीत. प्यायले ते आपले लोक, आणि लोळताहेत तेही आपलेच लोक. म्हातारीला एका डोळ्याने दिसत नाही. टाकला असेल मूठभर सताप जास्त."

"तुमच्या नोकरांनी नाही घेतले घोट?"

"त्यांची बाटली वेगळी होती."

"पाहुण्यांची बाटली कुठे आहे?"

"ओतून टाकली मी. मोरीत."

"पुरावा ओतलात?"

"माणसं वाचवली!" सानाब्रियाने छातीवर हात ठेवला. त्या हाताच्या नखांना पॉलिश होतं.

लिदुविना उठली. "मयत दाखवा."

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बोळातून जाताना बर्फाचं मशीन घरघरत होतं. खाली बादल्या, चिमटे, 'पाहुण्यांसाठी मोफत' अशी पाटी. मशीनमागच्या भिंतीला तिचा खांदा घासला आणि गणवेशाला पांढरा रंग लागला. बाकीचा बोळ कोरडा ठणठणीत होता.

पोलिकार्पो आयाला चौऱ्याहत्तर वर्षांचे. अंग पिळून काढलेल्या फडक्यासारखं झालेलं. उशाशी थर्मास, प्याला, अर्धी पुडी पत्ती. कोपऱ्यात कापड पांघरलेली हार्प. दोन रात्री त्यांनी लॉबीत वाजवलं होतं आणि मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. संडासाकडे बघवत नव्हतं. आणि दर पाच मिनिटांनी भिंतीवरचं यंत्र फुस्स करून मेलेल्या माणसावर जाईचं अत्तर सोडत होतं.

"बंद करा ते!" लिदुविना ओरडली.

ब्रीतेसने वायरच उपटली.

दारात सफाईवाली सुनिल्दा उभी होती. डोळे सुजलेले.

"तुला कधी कळलं हे आजारी आहेत म्हणून?"

"नऊ वाजता." ती मॅनेजरच्या बुटांकडे बघत होती.

"नक्की?"

"साहेबांनी... हो. नऊच."

देखभालीचा प्रमुख विल्फ्रिदो कान्येते जिन्यात भेटला. चाळिशीचा, दणकट. पण चेहरा राखेसारखा आणि कपाळावर घाम.

"मशीनमागची भिंत कधी रंगवली?"

"कुठली भिंत? ते काम माझ्या हातचं नाही, बाई. मी..." त्याने तोंडावर हात दाबला आणि धूम ठोकली.

"पळाला बघा," ब्रीतेस म्हणाला. "मनात पाप असलं की पायात वारं भरतं. घेऊ का ताब्यात?"

"आधी म्हातारी."

सिक्स्ता आजीला कोठीच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यावर बसवलं होतं. दारावर हॉटेलचा रखवालदार. तिची वेणी पांढरी, हात हिरवट. पन्नास वर्षं पाला कुटून तो रंग कातड्यात मुरला होता. समोर टंकलेला कागद आणि महागडं पेन.

लिदुविनाने कागद उचलला. 'माझ्या हातून चुकून विषारी प्रमाण पडले. हॉटेलचा यात कोणताही दोष नाही.'

"कुणी लिहिलं हे?"

"त्या सुटवाल्या पोराने. म्हणाला, सही केलीस तर चूक म्हणून सुटशील, नाही केलीस तर खून लावतील." म्हातारी शांतपणे बोलत होती. "मी करणारच आहे सही. तुझीच वाट बघत होते. म्हटलं, पोलिसासमोर केलेली बरी."

"का करणार?"

"पोलिकार्पो तीस वर्षं माझ्याकडनं खोकल्याचा पाला नेत होता. आज सकाळी पहिला प्याला मीच त्याला दिला. म्हटलं, पी रे, ऑगस्ट तुला हात लावणार नाही." तिने चांगल्या डोळ्यावर हात ठेवला आणि दुसरा डोळा लिदुविनाकडे वळवला. दुधाळ होता तो. "याने मला काही दिसत नाही. उजेडात धुकं, अंधारात धुकं. सताप मी बोटांनी मोजते. नेहमी मोजते. पण बोटं चुकली असतील, पोरी. दुसरं काय असणार? मीच मारलं त्याला."

"बोटं चुकली असं आठवतंय?"

"नाही आठवत. म्हणून तर भीती वाटते."

चोर सोडून संन्याशाला फाशी तिने पुष्कळदा पाहिली होती. पण संन्याशाने स्वतःच दोर मागावा, अशी तयारी कुणी त्याच्याकडून करून घेतलेली ती पहिल्यांदा बघत होती. तिने कागद घडी करून खिशात घातला.

"माझ्याआधी कशावर सही करायची नाही, आजी. रखवालदार, तू चालता हो."

आजारी पाहुण्यांना मेजवानीच्या दालनात गाद्यांवर निजवलं होतं. झुंबरं, सोनेरी खुर्च्या आणि प्रत्येकाशेजारी बादली. बहुतेक जण दूध संघाचे सभासद, खेड्यापाड्यांतून सभेला आलेले. आरोग्य केंद्राचा डॉक्टर सलाईन लावत फिरत होता.

"काय खाल्लं ते विचारलंत?"

"सगळ्यांना. ही यादी." डॉक्टरने कागद दिला. "कुणी मासा, कुणी कोंबडी, कुणी नुसतं सूप. एकसारखं काहीच नाही. सारखे फक्त ते सात घोट."

यादीत एक नाव लिदुविनाला खटकलं. निमिया फारिन्या, पंचावन्न, दारू वर्ज्य मानणाऱ्या प्रार्थनामंडळाची. ती खिडकीशी पडली होती, उशीखाली बायबल.

"बाई, तुम्हीपण घोट घेतले?"

"मी?" निमियाबाई आजारपण विसरून ताठ झाल्या. "एकवीस वर्षं मी दारूला शिवले नाही. त्या डॉक्टरने मला विचारलंसुद्धा नाही, सरळ लिहून टाकलं!"

"मग पोटात काय गेलं?"

"सूप. दोन्ही दिवस सूप आणि पाव. कोंबडी नाही, मासे नाहीत."

"अजून?"

"अजून काय? काही नाही. तेरेरे तेवढा. पण तो काही कुणी खाण्यात धरतं का?"

लिदुविनाने विचारलं, "कुठे बसून?"

"आमच्या बोळात. सगळेच बसायचे. इतकं उकडत होतं परवापासून!"

पलीकडे एक म्हातारबुवा धडधाकट बसले होते आणि शेजाऱ्याची बादली धरत होते. क्रिस्पिन गोदोय, दूध संघाचे खजिनदार. एवढ्या उकाड्यात गळ्याला लोकरी मफलर.

"तुम्ही नाही प्यायलात का घोट, मामा?"

"प्यायलो की! सात रीतीचे आणि तीन हौसेचे." त्यांचा आवाज फाटका होता. "म्हातारीचा हात गोड आहे. चांगलं झालं होतं."

"आणि काही झालं नाही?"

"घसा तेवढा बसलाय, तो घरूनच घेऊन आलोय. बायकोने ताकीद दिलीय, आठवडाभर गारेगार काही नको. गरम मातेवर, त्याच पत्तीच्या काढ्यावर, दिवस काढतोय." त्यांनी वाफाळता फ्लास्क दाखवला. "हे पोरगे हसत होते मला. आता हसा म्हणावं."

लिदुविना ब्रीतेसला घेऊन कपडे धुण्याच्या खोलीत गेली. सुनिल्दा तिथे एकटी, यंत्राला टेकून रडत होती. कोपऱ्यात चादरींचे ढीग, वास असा की ब्रीतेस दारातच थांबला.

"सुनिल्दा, वर एक म्हातारी बाई न केलेल्या खुनाच्या कबुलीवर सही करायला बसलीय," लिदुविना म्हणाली. "आता परत सांग. पहिल्या घाण चादरी किती वाजता आल्या?"

पोरीने एप्रनने नाक पुसलं. "पाच वाजता. पोलिकार्पो आजोबांच्याच. त्यांनी मला हाक मारली. लाज वाटत होती त्यांना. म्हणाले, पोरी, कुणाला सांगू नकोस, म्हाताऱ्याने गादी घाण केली. मी साहेबांना फोन केला, डॉक्टर आणा म्हणून. ते म्हणाले, आज मंत्र्यांची माणसं नाश्त्याला आहेत, गप्प बस. नोकरी ठेवायचीय ना?"

"पाच वाजता. आणि तरी सातला ते लॉबीत आले?"

"साहेबांनीच आणलं धरून. फोटो काढायचे होते."

ब्रीतेसने दारातून थुंकल्यासारखं केलं.

"कान्येतेला शोधा, ब्रीतेस. कुठल्यातरी संडासात असेल. उभं राहवत असेल तर त्याला घेऊन मशीन भिंतीपासून ओढा. मागे काय आहे ते बघा आणि मला सांगा. मी प्याला भरून आणते."

चार वाजता तिने सानाब्रियाला मेजवानीच्या दालनात बोलावलं. आजारी लोक, डॉक्टर, सुनिल्दा, भिंतीला धरून उभा असलेला कान्येते. सिक्स्ता आजीला खुर्ची दिली होती. मधल्या टेबलावर एक थर्मास आणि शिंगाचा प्याला.

"झालं का म्हातारीचं?" सानाब्रियाने घड्याळ बघितलं. "सहाच्या विमानाने नवे पाहुणे येताहेत."

"झालंच. बसा. सकाळी तुम्ही मला पाजलंत, आता माझ्या हातचा घ्या." लिदुविनाने प्याला भरून पुढे केला. बर्फ खळखळला. "दुसऱ्या मजल्यावरचा बर्फ आहे. तुमच्याच मशीनचा."

सानाब्रियाचा हात अर्ध्यावर थांबला.

"मला... आत्ता नको. पित्त झालंय."

"एक घोट."

"नको म्हटलं ना!"

दिलेला तेरेरे नाकारणारा माणूस त्या लोकांनी जन्मात पाहिला नव्हता.

"बघा," लिदुविना गाद्यांकडे वळली. "साहेब म्हणतात, घोट प्यायले ते आजारी पडले. खोटं. निमियाबाईंनी थेंब घेतला नाही, त्या आडव्या. क्रिस्पिनमामांनी दहा घोट घेतले, ते बादल्या धरताहेत. आणि पोलिकार्पो आजोबा पहाटे पाचला आजारी होते. घोट सातला वाटले. आधी आजार, मग विष, असं कधी होतं का?

"परदेशी पाहुणे घोट प्यायले नाहीत, हे खरं. पण आपण करतो आणि ते करत नाहीत, अशी आणखी एक गोष्ट आहे. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, काय प्यायलं. तेराच्या तेरा जणांनी तेरेरे सांगितला नाही. कसा सांगतील? श्वास किती घेतले हे कोण सांगतं? दोन दिवस उत्तरेचा वारा, आणि तुम्ही सगळे बोळात बसून त्या मशीनचा बर्फ थर्मासात भरत होता. परदेशी लोकांनी सीलबंद बाटल्या घेतल्या. मामांचा घसा बसला म्हणून ते गरम पीत होते. सांगा ब्रीतेस, मशीनमागे काय होतं?"

"जांभळा पाइप, बाई. लॉनवर नळ आहेत तसलाच. भिंत फोडून आत घेतलाय आणि वर रंग मारलाय."

कान्येते कण्हला. "तो संडासांचा पाइप आहे. सांडपाणी गाळून लॉनला आणि फ्लशला सोडतो, तो. पिण्याचा नाही तो, कधीच नाही!"

कुणीतरी बादली ओढली. निमियाबाईंनी तोंडावर हात घेतला. "म्हणजे आम्ही..."

"हो," लिदुविना म्हणाली. तिला ते शब्दांत सांगायचं नव्हतं.

"हे कान्येतेचं काम!" सानाब्रिया उठला. "देखभाल त्याची. मला काय ठाऊक!"

"मलाही सकाळी तोच वाटला. घाम, पळापळ. पण तो पळत होता संडासाकडे. त्यानेही दोन दिवस तोच बर्फ खाल्लाय. ज्याने स्वतः पाइप जोडला, तो तेच पाणी पिईल का? आता तुमचं. तुमच्या केबिनपासून मशीन जिनाभर वर. फुकट. आणि तुमच्या टोपलीत पेट्रोलपंपाच्या बर्फाची पिशवी. अख्ख्या हॉटेलात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं की त्या बर्फाला तोंड लावायचं नाही. शहाण्या माणसाने दोन दिवस तेरेरे सोडून दिला असता. पण तुम्हीही आमच्यातलेच. सुट घातला म्हणून सवय सुटते थोडीच!"

सानाब्रिया खाली बसला.

"नळजोड मिळाला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "कागद उशिरा भरले मी. टँकरचं पाणी स्वयंपाकाला आणि आंघोळीला पुरत होतं, पण त्या टाकीला दाब नव्हता. मशीन चालेना. दाबाचा पंप एकाच पाइपला, त्या जांभळ्या. मंत्री यायचे, बाहेर पस्तीस डिग्री, आणि विमानतळावरच्या सगळ्यात महागड्या हॉटेलात बर्फ नाही? माझ्या मेव्हण्याकडून जोडून घेतला. दोन दिवसांचाच प्रश्न होता. पाणी गाळलेलं असतं. दिसायला तर स्वच्छच होतं ना!"

"पहाटे पाचला फोन आला तेव्हा मशीन बंद का नाही केलंत?"

"बंद केलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

"म्हणून म्हाताऱ्याला धरून लॉबीत आणलंत. सात घोट पाजलेत. आणि तो मरायला लागल्यावर सुचलं, की दोष द्यायला घोट हाताशी आहेतच."

दिसायला स्वच्छ, हे दोन शब्द लिदुविनाच्या डोक्यात घोळत होते आणि तिला त्या नखांकडे बघवत नव्हतं. ब्रीतेसने बेड्या घातल्या. जाताना गादीवरच्या एका माणसाने त्याच्या कॉफीरंगी सुटावर बादली उलटी केली. कुणी त्याला अडवलं नाही, लिदुविनानेही नाही.

दालन रिकामं व्हायला लागलं तशी ती सिक्स्ता आजीसमोर उकिडवी बसली. खिशातला कागद काढून तिने त्याचे चार तुकडे केले.

"ऐकलंस ना, आजी? तुझी बोटं चुकली नव्हती. तुझ्या घोटांनी कुणाला काही झालं नाही."

म्हातारी हसेल, रडेल, देवाचं नाव घेईल, असं लिदुविनाला वाटलं होतं. पण आजीने आपले हिरवे हात उलटे सुलटे करून बघितले.

"म्हणजे शेवटी पोलिकार्पोच्या पोटात ते पाणी होतं," ती म्हणाली.

"हो, आजी."

"त्याला गादी घाण झाल्याची लाज वाटत होती म्हणे."

लिदुविनाने ते हिरवे हात आपल्या हातात घेतले.

"त्यापेक्षा माझ्याच हातून मेला असता तर बरं झालं असतं, पोरी. सताप मी सात पाण्यांनी धुते."